त्रेसष्ट सर

सरांच्या काउंटरवर एक उघडी हार्ड डिस्क कायम पडलेली असायची. झाकण काढलेली, आतली तबकडी लख्ख. सकाळी कुलूप काढून आत आले की सर आधी तिच्यावर वाकायचे आणि खिशातल्या छोट्या कंगव्याने मिशा विंचरायचे. मागच्या भिंतीवर चांगला हातभर आरसा होता. त्याबद्दल मी एकदा धीर करून विचारलं.

"तो गिऱ्हाइकासाठी हाय," ते म्हणाले.

वाटूर फाट्यावर त्यांचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. पाटीवर पूर्ण नाव होतं, पण फाट्यावर सगळे त्यांना त्रेसष्ट सर म्हणायचे. शिक्षक ते कधीच नव्हते. दुकानात येणाऱ्या प्रत्येकाची परीक्षा घ्यायचे, म्हणून सर. आणि परीक्षेत प्रश्न एकच असायचा, म्हणून त्रेसष्ट.

"त्रेसष्ट आठाच्या पाढ्यात येतं का?"

समोरचा माणूस बिघडलेला माउस घेऊन उभा असायचा. तो म्हणायचा, "न्हाई येत बहुतेक."

"मंग डिस्क तिथून सुरू कामून करायची?"

"मला काय माहीत सर. माउस चालंना."

"माउस होईल हो. माउसचं काय घेऊन बसलात."

मला हा प्रश्न पहिल्याच दिवशी विचारला गेला. मी "नाही" म्हणाले. उत्तर बरोबर आलं आणि सर खूश झाले. खरं सांगायचं तर त्रेसष्ट म्हणजे किती, हे मला माहीत नव्हतं. मी पहिलीपासून इंग्रजी शाळेत. घरी मराठीच बोलतो, पण आकडे इंग्रजीत. चाळिशीपर्यंत मी कशीबशी धडपडत जायचे, त्यापुढे सगळं धुकं. एकोणसाठ आणि एकोणसत्तर, त्रेपन्न आणि त्र्याहत्तर, मला सगळे एकाच घरातले भाऊ वाटायचे. अशा वेळी मान हलवायची आणि पुढच्या वाक्याची वाट बघायची, ही माझी जुनी सवय. फार बोलत नसल्यामुळे ती कोणाच्या लक्षात यायची नाही.

मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते. वडिलांची बदली परतूरला झाली होती आणि डिप्लोमासाठी मला सहा आठवड्यांच्या कामाचं पत्र हवं होतं. परतूरहून जीपने वाटूरला यायचे. हे दुकान निवडण्याचं कारण एवढंच, की वडिलांबरोबर चौकशीला गेलो तेव्हा दुकानाच्या मालकांनी मला एकही खाजगी प्रश्न विचारला नाही. फक्त पाढा विचारला.

त्रेसष्टाची भानगड मला त्यांनी मेंढरांवरून समजावली. त्यांचे वडील मेंढरं राखायचे.

"आसं समजा ताई, एका मेंढवाड्यात आठ मेंढरं मावतात. आन् दर घराची मेंढरं बी आठच. बराबर कोंडली तं एका घराची मेंढरं एका वाड्यात. पण पहिल्या घरवाल्यानं एक जागा आधीच सुरुवात केली तं? त्याचं एक मेंढरू अलीकडच्या वाड्यात, सात पलीकडं. त्याच्या मागून येणाऱ्या सगळ्यांचं तसंच. मंग सकाळी आपली मेंढरं काढायची तं दोन फाटकं उघडा, दोन लावा. मेंढरू हरवलं का? न्हाई. पण चरायला जायला दुपार."

नव्या डिस्क माहितीची घरं अशीच आठ-आठच्या गटाने लिहितात. जुनी विंडोज मात्र डिस्कचा पहिला कप्पा, म्हणजे पार्टिशन, त्रेसष्टाव्या घरापासून सुरू करायची, चौसष्टच्या एक आधी. मशीन बंद पडत नाही, काही हरवत नाही. फक्त प्रत्येक कामाला दोन फाटकं उघडावी लागतात, म्हणून रेंगाळतं. मी हे पुढे कॉलेजात इंग्रजीतून शिकले तेव्हा मला मध्ये मध्ये मेंढरं दिसत होती.

त्रेसष्टच का, याचंही उत्तर सरांकडे होतं. खूप जुन्या काळी डिस्कच्या एका चकरेत जास्तीत जास्त त्रेसष्ट घरं मोजायची पद्धत होती. ती चकरा, डोकी (म्हणजे तबकडी वाचणारी टोकं), घरं यांची मोजदाद केव्हाच मोडीत निघाली, पण डिस्क अजून जुनेच आकडे सांगायच्या. "ही म्हणती माझ्याकडं दोनशे पंचावन्न डोकी हायेत," सर काउंटरवरच्या डिस्कवर बोट ठेवून म्हणायचे. "उघडून बघितलं तं दोन. खोटं बोलती. पण कुणासाठी बोलती? म्हाताऱ्या मशीनला कळावं म्हणून. घरात म्हातारं माणूस विचारतं, जेवला का? आपण न जेवता बी हो म्हणतो. तसं."

डिस्कचं खोटं त्यांना चालायचं. स्वतःचं चालायचं नाही. आणि इथेच सगळा घोळ होता.

मी येण्याच्या बऱ्याच आधी, दोनेक वर्षं, सर एका जुन्या डिस्कची हुबेहूब नक्कल नव्या डिस्कवर उतरवून मशीन तयार करून देत होते. काम जल्दी व्हायचं. एक दिवस इंटरनेटवर काहीतरी वाचताना त्यांना कळलं, की नकलेबरोबर त्रेसष्टसुद्धा उतरत होतं. त्यांनी दुकान बंद केलं आणि आठवून आठवून यादी केली. एक्केचाळीस मशीन. परतूर, जालना, पार जाफराबादपर्यंत. एकाही गिऱ्हाइकाची तक्रार नव्हती. कोणी म्हणे व्हायरस आहे, कोणी म्हणे लाइट कमी दाबाची आहे, बहुतेकांना तर मशीन मंद आहे हेच माहीत नव्हतं.

"तक्रार न्हाई म्हणजे चूक न्हाई, आसं न्हाई," सर म्हणायचे, आणि यादीतलं एकेक मशीन जागेवर जाऊन, फुकट, नीट करत सुटायचे. शेवटचं त्रेसष्ट निघेपर्यंत त्यांनी गोड सोडलं होतं. चहासुद्धा बिनसाखरेचा.

शेजारी झेरॉक्सवाले चाचा होते. उर्दू शाळेतून निवृत्त होऊन त्यांनी ते मशीन टाकलं होतं. सरांचं गोड सोडणं ही चाचांची रोजची करमणूक होती. "बेटी, मैंने दुनिया में बहोत लोग देखे," ते मला म्हणायचे. "लोगां दूसरे की गलती के लिए लड़ते. ये मास्टर अपनी गलती के पीछे एसटी का टिकट निकाल के जाता." ईदला त्यांनी शीरखुर्म्याचा डबा आणून मुद्दाम सरांच्या टेबलावर उघडा ठेवला होता म्हणे. सर तासभर त्याच्याकडे पाठ करून बसले.

जाफराबादची गोष्टही चाचांनीच सांगितली. तिथल्या एका कापूस व्यापाऱ्याने सरांना आत घेतलंच नाही. "चालू राह्यलंय ना? मंग हात कामून लावता?" सर जालन्यावरून एसटी बदलून तीनदा गेले. तिसऱ्या खेपेला व्यापाऱ्याला वाटलं, आपल्या मशीनमध्ये याचं काहीतरी राहिलेलं दिसतं, म्हणून त्याने दुकानातला एक माणूस सरांच्या मानगुटीशी उभा केला. सरांनी सकाळी अकरापासून संध्याकाळपर्यंत काम केलं. त्या माणसाने शेवटी विचारलं, "काय काढलं?" सर म्हणाले, "त्रेसष्ट." त्याने सरांची पिशवी तपासली.

त्रेसष्ट काढायचं म्हणजे अख्खा कप्पा मालासकट आठाच्या पाढ्यातल्या घरापर्यंत पुढे सरकवायचा. त्याला तासन् तास लागतात आणि मध्येच लाइट गेली तर अर्धा माल इकडे, अर्धा तिकडे, म्हणजे सगळं गेलं. म्हणून सर मोठा यूपीएस मांडीवर घेऊन प्रवास करायचे. तरी काम सुरू करण्याआधी त्या गावच्या लाइनमनला फोन करायचे. नंबर कुठून मिळवायचे कोण जाणे. "भाऊ, आज खांबावर चढायचा इचार हाय का?" हा त्यांचा ठरलेला प्रश्न. एका लाइनमनने उलट विचारलं, "का, पडायचा हाय का मी?"

त्या सहा आठवड्यांत मी काय केलं? डिस्कमधल्या मालाची दुसरीकडे नक्कल घेऊन ठेवायची, पडद्यावर सरकणारी टक्केवारी बघत बसायचं, आणि फोनवर बोलायचं. फोन कंपनीच्या ग्राहक सेवेचा असला की सर तो माझ्याकडे द्यायचे. "तुम्ही बोला ताई, माझा कान जरा कमी हाय." रस्त्यापलीकडच्या हॉटेलातल्या मशीनची डिस्क टिकटिक करते हे त्यांना इथून ऐकू यायचं. ही विसंगती मला दिसली होती. मी ती मनात नोंदवून ठेवली.

कप्पा नव्याने कुठून सुरू करायचा, तो आकडा मात्र सर स्वतःच टाकायचे. पहिल्या कप्प्याचा ठरलेला असायचा, दोन शून्य चार आठ. तो मला चित्रासारखा पाठ झाला होता. दुसऱ्या कप्प्याचा दर मशीनला वेगळा. तो सर डोळे मिटून, आठाचा पाढा पुटपुटत काढायचे.

यादीत शेवटचं एक मशीन उरलं, जांब समर्थचं. तिथे देवळाच्या वाटेवर एक वहिनी छोटा फोटो स्टुडिओ चालवायच्या. दर्शनाला आलेल्यांचे फोटो आणि गावातल्या सगळ्या लग्नांचे फोटो त्या एका डिस्कवर होते. निघायच्या आदल्या दिवशी सरांचा पाय जीपच्या पायरीवरून सटकला आणि घोट्याला प्लास्टर बसलं.

"तुम्ही जा ताई," ते म्हणाले. "तुम्हाला येतं. आकडा मी फोनवर सांगतो."

मी मान हलवली.

जांबला वहिनींनी खुर्ची पुसून दिली. यूपीएस मांडीवरून उतरवला, फोटोंची नक्कल काढली. लाइनमनला फोन लावला, पण "खांबावर चढणार का" हे मला विचारवेना. मी "आज लाइट राहील ना काका?" एवढंच म्हणाले. मग सरांना फोन लावला. आधी दुसरा कप्पा पुढे सरकवायचा असतो, मग पहिला.

"आत्ता कुठून सुरू हाय?" सरांनी विचारलं.

मी नऊ आकडे इंग्रजीत वाचले.

"शेवटचे चार सांगा फक्त. हळू."

"वन, टू, वन, फाइव्ह."

पलीकडे काहीतरी पुटपुटणं चाललं. बराच वेळ. मग सरांचा आवाज आला, "तिथं चार हजार दोनशे अठ्ठेचाळीस टाका. बाकीचं तसंच ठेवा."

चार हजार दोनशे कळलं. पुढच्या शब्दात 'अठ्ठ' ऐकू आलं, म्हणजे शेवटी आठ. पण आठ कुणाच्या घरचा? वहिनी शेजारी उभ्या होत्या. "फॉर्टी-एट का?" एवढा एक प्रश्न होता. एकोणीस वर्षांच्या, कॉम्प्युटर शिकणाऱ्या मुलीने तो मोठ्याने विचारायचा.

"टाकला का?" सर म्हणाले.

"हो," मी म्हणाले, आणि वहीत लिहिलं, ४२८८. तोच टाकला.

काम सुरळीत झालं. पहिला कप्पाही सरकला. लाइट गेली नाही. दुपारी चारला मशीन सुरू केलं, फोटो होते तसेच. वहिनींनी एका लग्नाचं फोल्डर उघडलं आणि म्हणाल्या, "अगंबाई, हे तर लगेच उघडलं. रोज मी हे लावून भाजी निवडायला बसते." त्यांनी मला चहा दिला आणि माझा एक फोटो काढला. त्या फोटोत मी पहिल्यांदाच नीट हसले आहे.

माझ्या पिशवीत एक अंकलिपी होती. परतूरच्या बसस्टँडवर पहिल्याच आठवड्यात गुपचूप घेतलेली, अ अननसाचा असलेली. परतीच्या जीपमध्ये ती ओढणीखाली उघडली. ४८, अठ्ठेचाळीस. ८८, अठ्ठ्याऐंशी. दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचायची गरज नव्हती.

मशीन चालू होतं. वहिनी खूश होत्या. कोणाचीही तक्रार येणार नव्हती, कधीच. आणि 'तक्रार न्हाई म्हणजे चूक न्हाई, आसं न्हाई' हे मी पाच आठवडे सरांच्या तोंडून ऐकत होते. आठाने भागून बघायचं मला सुचलं नाही, हे आज लिहिताना लाज वाटते. पण तेव्हा डोक्यात गणित नव्हतंच. डोक्यात एवढंच होतं, की सरांनी एक आकडा सांगितला, मी दुसरा टाकला, आणि मी "हो" म्हणाले.

वाटूर फाट्यावर उतरले तेव्हा दुकानात चाचा जिलेबीचा पुडा घेऊन उभे होते. सर प्लास्टरचा पाय स्टुलावर ठेवून बसलेले. माझ्या फोनची बॅटरी संपायच्या आधी मी "झालं" असा निरोप पाठवला होता.

"ये बेटी, आज तेरे मास्टर का रोजा छूटता," चाचा म्हणाले. त्यांनी सरांच्या हातात जिलेबी दिली. सर ती दोन बोटांत धरून बघत होते, जशी डिस्क बघायचे. पाक मनगटाकडे ओघळला.

उद्या सांगावं, असं मनात आलं. जिलेबी तोंडापाशी गेली.

"सर, थांबा."

माझा आवाज मलाच मोठा वाटला. दोघांनी वळून बघितलं.

"मी अठ्ठेचाळीस नाही टाकलं. मला वाटलं... म्हणजे मी एटी-एट टाकलं. मला मराठी आकडे येत नाहीत. चाळीसच्या पुढचे. पहिल्या दिवशीपण येत नव्हते. त्रेसष्टपण नव्हतं येत."

सरांनी जिलेबी परत पुड्यात ठेवली. चाचांनी माझ्याकडे बघितलं, मग जिलेबीकडे.

"एटी-एट म्हणजे?" सरांनी विचारलं. चेहऱ्यावर राग नव्हता. ते खरंच विचारत होते.

मी वही पुढे केली. त्यांनी आकडा बघितला. डोळे मिटले. ओठ हलू लागले. "चार हजार दोनशे... बसतंय. आठ सक अठ्ठेचाळीस... आठ दाहे ऐंशी... अकरा आठे..."

त्यांनी डोळे उघडले.

"अकरा आठे अठ्ठ्याऐंशी," ते म्हणाले. "ताई, हे बी पाढ्यात हाय की."

"म्हणजे?"

"म्हणजे मेंढरं बराबर कोंडली गेली. पाच वाडे पुढं, एवढंच."

चाचा हसायला लागले. "वाह बेटी. गलती भी की तो पहाड़े में."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं म्हणून मी उघड्या डिस्ककडे बघत राहिले. तिच्यात माझं नाक फार मोठं दिसत होतं.

"आता माझं बी ऐका," सर म्हणाले. "माझा कान चांगला हाय. बिलकुल चांगला. मला ते सिक्स्टी का सिक्स्टीन, थर्टी का थर्टीन, फोनवर आजून कळत न्हाई. म्हणून फोन तुम्हाला देत होतो. आज बी तुम्ही वन टू म्हणल्या तवा मी बोटावर मोजत बसल्तो." मग म्हणाले, "आपण दोघं बी परत इचारायला लाजलो. म्हणून म्हणलं डिस्कचं खोटं बरं, ती दुसऱ्यासाठी तरी बोलती."

"मग जांबला परत जायचं का?" मी विचारलं.

"कामून? बराबर हाय ते." त्यांनी जिलेबी उचलली आणि एका घासात अर्धी खाल्ली. दीड वर्षाने गोड खाणारा माणूस मी आधी पाहिला नव्हता. त्यांनी डोळे मिटले आणि बराच वेळ उघडलेच नाहीत. चाचा म्हणाले, "पहाड़ा पढ़रा क्या?" सरांनी मान हलवली, नाही.

राहिलेले आठ दिवस संध्याकाळी जीप येईपर्यंत सर मला एक्केचाळीसपासून पुढे शिकवायचे आणि मी त्यांना थर्टीन-थर्टी. दोघांचीही फार प्रगती झाली असं म्हणता येणार नाही. आता मी पुण्यात नोकरी करते. हल्लीची मशीन कप्पे आपोआप बरोबर जागी पाडतात, त्रेसष्ट कोणाला भेटतही नाही. दिवाळीला सरांचा फोन येतो. ते खुशाली विचारत नाहीत. "एकोणऐंशी?" एवढंच म्हणतात. मी "सेव्हन्टी-नाइन" म्हणते. मग मी "थर्टीन" म्हणते, आणि ते विचार करतात.

त्या जिलेबीच्या संध्याकाळी त्यांनी यादीची वही माझ्यापुढे ठेवली होती. चाळीस मशीनपुढे बरोबरच्या खुणा होत्या. जांबपुढे त्यांनी खूण केली नाही. "तुमचा आकडा हाय, तुम्ही लिहा," म्हणाले. "अक्षरी. मराठीत."

मी खूप सावकाश लिहिलं, 'चार हजार दोनशे अठ्याअंशी'.

सरांनी वही जवळ घेतली, डोळ्यांपाशी नेली. एक घर मागे राहिलेल्या मेंढरासाठी तीनदा जाफराबादला गेलेला माणूस. त्यांनी तो शब्द वाचला, 'अंशी'पाशी बोट अडलं, पुन्हा वाचला, आणि वही मिटली.

"बराबर हाय," ते म्हणाले.